तेरा मिलिमीटर

डाव्या कुशीवर वळ, म्हटलं,
हात डोक्याखाली घे. जेल गार लागेल.
तो हसला.
डिसेंबरात पहाटे पाचला
चिवल्याच्या पाण्यात उतरणारा मुलगा,
आणि मी त्याला गारव्याची ताकीद देत होतो.

दुर्वेश मेतर, वय एकोणीस.
पुढच्या रकान्यात : समुद्रात पोहणे, रोज चार तास.
नाडी बेचाळीस.
मशीनला ती पटेना, सारखं वाजत राहिलं.
त्याला सवय आमच्या नेहमीच्या माणसांची,
दवाखान्याच्या जिन्यातच मध्ये बसून घेणाऱ्यांची.

पागेर फेकावा तसा
बरगड्यांच्या फटीतून उघडला करडा घेर,
वर मूठ, खाली पसरट,
आणि आत सापडलेलं ते एकच,
झडपा मिटत, उघडत,
कुठे निघायची घाई नसल्यासारखं.

लाल म्हणजे माझ्या दिशेने येणारं रक्त,
निळं म्हणजे दूर जाणारं.
शुद्ध-अशुद्ध असलं काही नाही त्यात,
भरती नि ओहोटी, एवढंच.
हे मी सगळ्यांना सांगतो.
तो आवाज ऐकत होता.
"पान्याखाली गेलंय की माका असोच आयकाक येता."

मग दोन खणांमधली भिंत मोजली.
तेरा.
श्वास धर म्हटलं, पुन्हा मोजली
(तो किती वेळ धरू शकतो हे विसरलो होतो,
माझाच आधी सुटला).
तेरा.

बारापर्यंत कोणी काही बोलत नाही.
सोळाला सगळेच बोलतात.
तेराला मात्र
हा सरावाने कमावलेला दंड
की आजोळाहून आलेलं दुखणं,
ते भिंतीवर लिहिलेलं नसतं.
घरात कोणी अचानक गेलंय का?
एक मामा. होडीवरच.
दर्याने नेला, असं सांगतात.

पलीकडच्या गावातला तो कबड्डीवाला
चढाई करून परतला, रेषेला हात लागला,
गुण मिळाला. उठला नाही.
त्याची भिंत कोणी मोजली नव्हती.
त्याच्यानंतरच हे शिबिर, हे उसनं मशीन,
ही पोरांची रांग, पायरीपर्यंत.

खानोलकर मॅडमनी कागद दोनदा वाचला.
तीन महिने पाणी बंद, म्हणाल्या. पळणंही.
सरावाची असेल तर उतरेल.
दुसरी असेल तर हलणार नाही.
"आणि शर्यत?"
कोणी उत्तर दिलं नाही.
बाप दारात, चपला बाहेर काढून उभा.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"होडी पन पावसात वर काडतोच मा आपण."

धक्क्यावर बसून तो इतरांचे हात मोजायचा, असं कळलं.
मासळीबाजारात एकदा समोर आला,
गाल भरलेले. नजर टाळली त्याने.
मीही टाळली.
काय विचारणार होतो,
काय रे, बारीक होतेय का?

मार्चअखेर. डावी कुस. गार जेल.
नाडी अठ्ठावन्न, मशीन गप्प.
अकरा.
मॅडमना बोलावलं, त्यांनी मोजली.
अकराच.

बावीस वर्षं हे काम करतोय,
हृदय लहान झालं म्हणून पेढे
पहिल्यांदाच आले.
बापाने शिपायाला दोन दिले, मला तीन.
तो खाटेवरून उतरला नाही.
पडद्यावर थिजलेल्या चित्राकडे बघत बसला,
दोन बिंदू, मधली तुटक रेघ.

"म्हंजे ते दोन मिलिमीटर," तो म्हणाला,
"माजेच होते."

आता सावकाश, दर सहा महिन्यांनी दाखवायचं,
मॅडम सांगत होत्या. बाप मान हलवत होता.
खिडकीतून मला तो दिसला,
घराच्या उलट वाटेने, चपला हातात,
गळ्यात टॉवेल.
टॉवेल दवाखान्याचा होता.